खांबापर्यंत

अंबादास गुंडला मधल्या पाटीत
शेवटून दुसऱ्या चौकोनात बसायचा, मी तिसऱ्यात.
वर्षानुवर्षं शेजारी, आणि तरी
डावात त्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही.
खो-खोत शेजाऱ्याची दिशा उलटी असते.
श्वास तेवढा ऐकू यायचा.

बंद गिरणीमागचं मैदान ते.
चिमणीची सावली खांबाला टेकली
की सर शिट्टी वाजवायचे.
मे महिन्यात माती इतकी तापायची
की उकिडवं बसताना तळव्यांऐवजी टाचा बदलत राहायचो.
पाणी आलेलं असलं तर कुणीतरी दोन बादल्या शिंपडायचं.
नसलं तर नाही.

लिलाव आम्ही मोबाईलवर पाहिला, यंत्रमागाच्या शेडमध्ये.
टॉवेलांच्या खटखटीत आकडा ऐकूच आला नाही,
नुसता हातोडा हलताना दिसला.
त्याची आई दारात विड्या वळत होती.
"विकला म्हंजे?" ती म्हणाली, "परत कवा देणार?"
मग रक्कम कळल्यावर
ती बोटांवर हजार-हजार विड्या मोजायला लागली.
बोटं संपली.
शेजारणीची घेतली.

पहिल्या वर्षी तो मॅटवर उडायचा.
आकाशी सूर म्हणजे काय, ते गल्लीतल्या पोरांनी
तेव्हा स्लो मोशनमध्ये पाहिलं.
समालोचकाला नाव जमायचं नाही,
तो ओरडायचा, "गंडला! गंडला!"
आणि आम्ही सोलापुरात पोट धरून हसायचो,
कारण तो तर गडी टिपून उठत असायचा.

दुसऱ्या वर्षी त्याला दुसऱ्या शहराने घेतलं.
त्याला स्वतःला ते कळलं
नव्या जर्सीचं माप विचारणारा फोन आल्यावर.

तिसऱ्या वर्षी, खांबाला वळसा घेताना,
पाय वळला, गुडघा वळला नाही.
"गंडला," समालोचक म्हणाला, हळू आवाजात.
शेडमध्ये कुणी हसलं नाही.
सगळे माग चालू होते.
डॉक्टरांनी सांगितलं, आतला दोर तुटलाय.
त्याच्या बापाने नकळत
अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली,
धागा तुटल्यावर चाळीस वर्षं घासत आलाय तशी.

चौथ्या वर्षाचं काय सांगायचं.
जर्सी होती, पाठीवर नाव होतं,
बाकड्यावर पाठ टेकल्यामुळे ते कॅमेऱ्यात आलं नाही.
शेवटी दोन ओळींचा मेसेज,
त्यात आडनाव परत चुकलेलं,
खाली जोडलेले हात.

आता तो रोजंदारीवर पाणी सोडतो.
सायकलला आडवी बांधलेली लोखंडी चावी,
जवळजवळ खांबाएवढी.
चौथ्या-पाचव्या दिवशी, रात्री कधीतरी,
आमच्या बोळाच्या तोंडाशी वाकतो,
डाव्या पायावर भार देऊन,
आणि जमिनीखाली काहीतरी धावत सुटतं.
बायका म्हणतात, "अंबादास आला, उठा."
एवढी वाट तर त्याची कुठल्या शहरात कुणी पाहिली नव्हती.

चहाच्या गाड्यावर मी एकदा बोलून गेलो,
"तुझ्या नशिबाला कुणी खो घातला बे?"
तो रागावला.
"घालतात काय? खो देतात.
दिला की त्याच्या जागेवर गप बसायचं."
बशी पुसून काढल्यासारखी रिकामी केली.
मग म्हणाला,
"एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत जावंच लागतंय.
मधूनच फिरलास तर फाऊल."
खांब कुठे होता, ते मी विचारलं नाही.

काल रात्री दोन वाजता
माझ्या खिडकीवर थाप पडली.
उघड्या तळव्याची, खांद्याच्या जरा खाली बसावी तशी.
"हंडे लाव," तो म्हणाला, आणि सायकल पुढे गेली.
नळाने आधी नुसती हवा सोडली.
मी उठलो होतो,
पण अंधारात क्षणभर तसाच उभा,
आपलं तोंड कुठल्या बाजूला आहे
ते चाचपत.